हॅचची जुनी लाकडी झाकणं बदलताय? आधी या चुका टाळा

जुन्या शिडाच्या बोटीवर हॅचचं, म्हणजे डेकमधून खाली उतरायच्या तोंडाचं, झाकण कुजलं की आधी वाटतं नवं सागवान आणू, मग भाव कळला की वाटतं जाऊ दे, अजून एक हात वार्निश मारू. दोन्ही नको. झाकण कुजतं ते बहुतेक वेळा कडेतून आणि स्क्रूच्या भोकांतून, वरच्या सपाट भागातून फार कमी. म्हणून काटकसर लाकडाच्या जातीत करा, कडा आणि भोकांच्या बाबतीत अजिबात नको.

आणि सगळंच फेकायची घाई करू नका. बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन कडेने टोचत जा, जिथे तो मऊ घुसतो तेवढंच मेलेलं असतं, कितीतरी वेळा चौकट ठणठणीत निघते आणि मधला प्लायच तेवढा गेलेला असतो, मग तेवढाच बदलायचा.

सगळ्यात मोठी चूक मी स्वतः केलीये. जुनं झाकण नव्या प्लायवर ठेवलं, पेन्सिल फिरवली आणि कापलं. पण जुनं झाकण वर्षानुवर्षं पाणी पिऊन फुगलेलं आणि पिळलेलं होतं, तो पीळ नव्यात जसाच्या तसा उतरला आणि एक कोपरा कधी बसलाच नाही. माप घ्यायचं ते हॅचच्या तोंडाचं, जाड पुठ्ठ्याचा साचा करून, आणि दोन्ही कर्ण मोजून, कारण जुन्या बोटींची तोंडं काटकोनात असतातच असं नाही. साच्यावर 'वर' आणि 'पुढे' लिहून ठेवा, नाहीतर उलटा धरून कापला जातो. शिवाय डेकला मधे थोडा उंचवटा असतो, तिथे सपाट झाकण ठेवलं की ते मधे टेकतं आणि कडेला फट राहते.

प्लाय घेताना नुसतं 'वॉटरप्रूफ' लिहिलंय म्हणून घेऊ नका. तुकडा पाण्यात उकळून बघायची पद्धत चांगली आहे पण त्यात फक्त गोंद कळतो, आतल्या थरांमधल्या पोकळ्या नाही कळत, आणि पाणी साठतं ते त्या पोकळ्यांत. कापलेली कड नीट बघा, भोकं दिसली तर तो शीट नको. मरीन प्लायसाठी बीएस १०८८ हे ब्रिटिश मानक आहे, त्यात या पोकळ्यांवर कडक मर्यादा आहे. झाकणाला तसाही छोटाच तुकडा लागतो, त्यामुळे अख्खा शीट न घेता उरलेला तुकडा मिळतोय का ते विचारा.

आता कडा. धारदार कडेवर कोटिंग टिकत नाही, म्हणून ३ मिलिमीटर तरी गोल करा. मग इपॉक्सी, म्हणजे दोन भाग मिसळून लावायचं, सुकून कडक होणारं रेझिन. कड ते पिऊन टाकते, थोड्या वेळाने कोरडी दिसली की लगेच परत लावा, पिणं थांबेपर्यंत. स्क्रूचं भोक आधी मोठं पाडायचं, पावडर मिसळून घट्ट केलेल्या इपॉक्सीने भरायचं, सुकलं की त्यातच बारीक भोक, म्हणजे स्क्रू लाकडाला शिवतच नाही. कंटाळवाणं काम आहे, पण झाकणाचं आयुष्य इथेच ठरतं. सुकलेल्या इपॉक्सीवर कधीकधी मेणचट थर येतो, तो आधी साध्या पाण्याने घासून धुवा आणि मगच पॉलिश पेपर मारा, नाहीतर वरचा रंग सोलून निघतो. आणि इपॉक्सी उघडं ठेवायचं नाही, ऊन त्याला खातं. वर वार्निशपेक्षा फिकट रंग मारा, जास्त टिकतो आणि झाकण तापतही कमी.

काहीजण लाकूड सोडून अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट लावतात. चांगला पर्याय आहे, खाली उजेडही येतो, पण स्क्रू घट्ट आवळले की भोकापासून तडा जातो. ६०० मिलिमीटर लांबीचं अ‍ॅक्रिलिक तापमानातल्या ३० अंश सेल्सिअसच्या फरकाने सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं, म्हणून भोकं सैल ठेवा आणि डोकं खालून सपाट असलेले (पॅन हेड) स्क्रू वापरा, खाचेत बसणारे नकोत. आणि अ‍ॅसिटोनने पुसू नका, खराब होतं. ज्या हॅचवर माणूस पाय देतो तिथे जाडी कमी करून पैसे वाचवणं तर धोक्याचंच.

बिजागऱ्यांखाली कायमचा चिकटणारा पॉलियुरेथेन सीलंट लावलात तर पुढच्या वेळी काढताना प्लायचे थर सोबत उखडतील. तिथे ब्यूटाइल टेप, म्हणजे मऊ चिकट रबरी पट्टी, पुरे. सिलिकॉन तर नकोच, एकदा लागलं की त्या जागी पुढे रंग धरत नाही.

शेवटी गॅस्केट, म्हणजे झाकणाखालची पाणी अडवणारी रबरी पट्टी, बसवलं की हॅचच्या काठावर खडू फिरवा, झाकण बंद करून उघडा. गॅस्केटवर जिथे खडू उमटला नाही तिथून पाणी येणार, तिथे खाली पातळ पट्टी घाला आणि परत खडू लावून बघा. मगच पाइपने पाणी मारा, आणि आत टॉर्च घेऊन कोणालातरी बसवा.