मैदानात उतरण्याआधी: वाटून ठेवलेल्या किल्लीची तयारी

टॉवर नसलेल्या, यंत्रं थेट एकमेकांशी बोलतात अशा अ‍ॅड हॉक नेटवर्कमध्ये प्रमाणपत्रांवर, म्हणजे कोण खरा सदस्य ते सांगणाऱ्या डिजिटल दाखल्यांवर, सही करणारं यंत्र एकच ठेवलं, तर ते रेंजबाहेर गेल्यावर सगळं अडतं आणि शत्रूच्या हाती लागलं तर सगळं संपतं. म्हणून सहीची खासगी किल्ली, म्हणजे सही करायला लागणारा गुप्त आकडा, हिस्से करून अनेक यंत्रांत वाटून ठेवायची. झोउ आणि हास या संशोधकांनी १९९९ मध्ये या नेटवर्कसाठी हाच मार्ग मांडला. त्याच्या मुळाशी कूटशास्त्रज्ञ शमीर यांची १९७९ची गुपित वाटण्याची रीत आहे.

पहिलं काम आकडा ठरवण्याचं, आणि त्याला सगळ्यात जास्त वेळ द्या. समजा हिस्से दहा नोडकडे, म्हणजे नेटवर्कमधल्या दहा यंत्रांकडे, आहेत आणि सहीला चार लागतात. मग तीन नोड फितूर झाले तरी खोटी सही निघत नाही. पण हा आकडा कागदावर ठरवू नका. नोड फिरत असताना एका नोडला खरोखर किती हिस्सेदार गाठता येतात ते आधी मोजून बघा. तीनच भेटत असतील तर चारचा नियम म्हणजे बंद दरवाजा. उलट नेटवर्क पाच-पाच असं दुभंगलं तर दोन्ही तुकडे स्वतंत्रपणे सही करू शकतात, आणि एकीकडे रद्द केलेलं प्रमाणपत्र दुसरीकडे बिनदिक्कत चालतं. यावर मला पटलेला उपाय एकच: प्रमाणपत्रांची मुदत कमी ठेवा. त्यासाठी सगळ्यांची घड्याळं जुळलेली हवीत, तेही निघण्याआधीच तपासा.

सही करताना पूर्ण किल्ली कुठेही एकत्र येत नाही ना, याची खात्री करा. प्रत्येकाने आपल्या हिश्श्याने अर्धवट सही द्यायची आणि जोडायच्या त्या सह्याच. जोडलेली सही सार्वजनिक किल्लीने, म्हणजे खासगी किल्लीच्या सगळ्यांना माहीत असलेल्या जोडीदाराने, पडताळा. जुळली नाही तर दुसरे चार नोड घेऊन पुन्हा जोडा.

हिस्से वाटणारं यंत्र वापरणार असाल तर त्याने क्षणभर का होईना, पूर्ण किल्ली पाहिलेली असते. वाटप झाल्यावर त्याची मेमरी, डिस्क, बॅकअप सगळं पुसा. शक्य असेल तर वाटणारा न ठेवता सगळ्या नोडनी मिळून किल्ली तयार करावी. ते जास्त कष्टाचं आहे, पण मी तेच निवडेन.

नव्या नोडला हिस्सा देण्याआधी माणूस आणि यंत्र समोर पाहून ओळख पटवा. नुसत्या रेडिओवरच्या विनंतीवर हिस्से दिलेत तर एकच हल्लेखोर चार नावांनी येऊन चार हिस्से घेऊन जाईल.

हिस्से ठरावीक काळाने ताजे करण्याचं वेळापत्रकही आत्ताच लिहा. सार्वजनिक किल्ली तीच राहते, हिस्से बदलतात, आणि जुना हिस्सा नव्याबरोबर जुळत नाही. जुने पुसले जायला मात्र हवेत. त्या वेळी बंद असलेल्या नोडला बाकीच्यांच्या मदतीने नवा हिस्सा परत मिळवता येतो. तो रस्ता एकदा चालून बघा, एक नोड मुद्दाम बंद करून.