मायनिंगचं मशीन घेताय? या चुका टाळा

"दादा, मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू का?" महिन्यातून दोनदा तरी हा फोन येतो. मशीन म्हणजे मायनिंगचं, दिवसरात्र आकडेमोड करून बिटकॉइनसारखी डिजिटल नाणी कमावणारं. मी विचारतो, लाइटबिल किती येतं? पलीकडे शांतता.

विजेचा हिशोब न करता मशीन घेणं, सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. एप्रिल २०२४ च्या हाव्हिंगमध्ये, म्हणजे ठरल्याप्रमाणे बक्षीस निम्मं होतं तेव्हा, ब्लॉकमागचं (व्यवहारांच्या प्रत्येक नव्या गठ्ठ्यामागचं) बक्षीस ६.२५ वरून ३.१२५ बिटकॉइनवर आलं आणि त्यानंतर दोन महिन्यांनी माझा पुतण्या जुनं अँटमायनर एस ९ घेऊन आला. मला न विचारता, अर्थातच. मॉडेल २०१६ चं, वेग साधारण १३.५ टेराहॅश (एक टेराहॅश म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी आकडेमोडी), वीज १३५० वॅटच्या आसपास. म्हणजे दिवसाला ३२ युनिट, महिन्याला साडेनऊशेच्या वर. दहा रुपये युनिट धरलं तरी साडेनऊ हजार झाले, आणि घरगुती मीटरवर वरचा स्लॅब लागला तो वेगळाच. कमाई? दोन हजारांच्या आत. गॅलरीत ठेवलेल्या त्या मशीनचा आवाज ऐकून वहिनी म्हणाल्या, "पिठाची गिरणी टाकलीस का रे?" आता ते माळ्यावर आहे.

मी किंमत सगळ्यात शेवटी बघतो. आधी वॅट भागिले टेराहॅश, जितकं कमी तितकं बरं. एस ९ ला हा आकडा शंभराच्या आसपास येतो, त्याच कंपनीच्या नव्या एस २१ ला १७.५. आणि घरच्या वीजदरात एस २१ चं गणित बसवतानाही घाम फुटतो, हे विकणारा सांगणार नाही.

जुने व्हिडिओ बघून इथेरियम या दुसऱ्या नाण्याच्या मायनिंगसाठी कॉम्प्युटरची ग्राफिक्स कार्डं घेणारे अजून भेटतात. ते दुकान १५ सप्टेंबर २०२२ लाच बंद झालं, इथेरियमचं मायनिंगच थांबलं.

दुसऱ्या नाण्यासाठी कार्डांचीच रिग (अनेक कार्डं जोडलेला सांगाडा) लावायची असेल, तर रायझरला, म्हणजे कार्ड मदरबोर्डला लांबून जोडणाऱ्या पट्टीला, साटाची (हार्ड डिस्कला वीज देणारी) वायर जोडू नका. रायझर ७५ वॅटपर्यंत ओढू शकतो, साटाच्या कनेक्टरची ताकद ५४ वॅटची. २०२१ साली शे-दोनशे रुपये वाचवायला मीही हा शॉर्टकट मारला होता. रात्री दीडला जळक्या प्लास्टिकच्या वासाने जाग आली. कनेक्टर वितळून रायझरला चिकटला होता. तेव्हापासून सिक्स-पिनची (ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी, सहा टोकांची) वायर थेट पॉवर सप्लायमधून घेतो, आणि रिग सुरू केल्यावर तासाभराने प्रत्येक वायरला हात लावून बघतो. वायर गरम लागली की रिग बंद. घाईवाल्यांना हा एक तासही जड जातो.

करही हिशोबात धरा. क्रिप्टो विकून झालेल्या नफ्यावर ३० टक्के लागतो, आणि मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्च त्यातून वजा होत नाही, हे सरकारने २०२२ मध्ये संसदेतच सांगितलंय.

जुनंच घ्यायचं असेल तर मशीन चालू करायला लावा. नेटवर्कला जोडलं की ब्राउझरमध्ये मशीनचं स्टेटस पान उघडतं; एस ९ च्या पानावर तीन बोर्ड दिसले पाहिजेत, प्रत्येकावर ६३ चिप. ओळीत 'ओ'च्या जागी 'एक्स' दिसला की ती चिप मेलेली. "आत्ता नेट नाहीये" असं उत्तर आलं, तर चहा घ्या आणि घरी या.