तळ्याकाठच्या शहरात घर शोधताना

तळ्याकाठी वसलेल्या मध्यम शहरात राहायला जाणार असाल, तर पहिलं वर्ष भाड्याच्या घरात काढा. आणि ते घर दोनदा बघा: एकदा भर दुपारी, एकदा तिन्हीसांजेला. ऊन असताना पाण्यावरून जमिनीकडे गार वारा येतो, त्यामुळे कोणतंही घर आवडून जातं. वारा पडला की डास, चिलटं, ओलसर वास, सगळं कळतं.

पाणी खिडकीतून दिसावं असं वाटणं साहजिक आहे, पण मी काठापासून थोडं आत, चढावरचंच घर घेईन. काठावर खरा त्रास ओलीचा. कपाटं भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा. साधासा आर्द्रतामापक आणा. आकडा सतत 60 टक्क्यांच्या वर राहिला तर कपड्यांना, पुस्तकांना बुरशी धरू लागते. बाहेरची हवाच दमट असेल तेव्हा नुसत्या खिडक्या उघडून भागत नाही, हवेतला ओलावा शोषणारं यंत्र लागतं. तळमजल्याच्या भिंतींवर जुन्या पाण्याची रेघ आहे का तेही पाहा, आणि तळं किती वर येतं ते शेजाऱ्यांना विचारा. घरमालकापेक्षा ते मोकळेपणाने सांगतात.

उन्हाळ्यात पाण्यावर रंग सांडल्यासारखा हिरवट थर दिसला, तर मुलांना आणि कुत्र्याला अजिबात पाण्यात जाऊ देऊ नका. ते विषारी निळे-हिरवे शेवाळ असू शकतं, आणि त्याचं विष पाणी उकळूनही जात नाही.