ट्यूब सोडण्याआधी कास रिकामी करा

आषाढाच्या झडीत चिऱ्यांच्या गोठ्याची जमीन आठ-आठ दिवस वाळत नाही आणि गोव्याच्या सत्तरी, सांगे, धारबांदोडा भागांत कासदाहाच्या (कास सुजण्याच्या रोगाच्या) गाई-म्हशी याच दिवसांत जास्त दिसतात. रोग जिवाणूंचा असला, तरी सड कायमचे बाद झालेल्या गोठ्यांत मला एकच हयगय पुन्हापुन्हा आढळली आहे. दुखऱ्या सडाला गाय हात लावू देत नाही, म्हणून चार-पाच धारा काढून कास भरलेली असतानाच सडाच्या छिद्रातून जिवाणूनाशक औषधाची ट्यूब सोडली जाते.

गेल्या पावसाळ्यात सत्तरीतील एका गोठ्यात, सकाळी ट्यूब सोडलेला सड मी दुपारी पिळून पाहिला. आधी औषधाचा पांढरा, मलमासारखा धागा जसाच्या तसा बाहेर आला, मग दह्यासारख्या गाठी आणि त्यांच्यामागे दीड लिटर पिवळसर दूध. औषध सडाच्या पोकळीतच बसून राहिले होते आणि रोग वर होता. तो सड त्या वेतात सुधारला नाही.

अभ्यासक या प्रवासाचे गणित मांडताना कासेला एक हौद आणि रक्ताला दुसरा हौद मानतात. सडातून सोडलेले औषध दूधनलिकांतून वर चढते, त्याचा काही भाग दुधातील प्रथिनांना चिकटतो, काही रक्तात उतरून उरलेल्या सडांच्या दुधातही येऊ शकतो आणि मोठा वाटा धारेबरोबर बाहेर पडतो. हौद आधीच भरलेला असेल तर औषध पातळ होते, आणि नलिका गाठींनी तुंबल्या असतील तर ते वर पोहोचतच नाही.

कास नीट न पिळल्यास औषध बाहेर पडायलाही वेळ लागतो. समजा, दर वेळी दूध काढल्यावर कासेत चौथा हिस्सा औषध उरते. मग चार वेळा दूध काढल्यावर 256 वा भाग शिल्लक राहील. अर्धवट पिळल्यामुळे निम्मे उरत असेल, तर चार वेळा दूध काढूनही 16 वा भाग तसाच राहतो. पेनिसिलिन जी या औषधासाठी कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेची मर्यादा दुधाच्या लिटरमागे केवळ 4 मायक्रोग्रॅम आहे. म्हणजे 100 मिलिग्रॅम औषध 25,000 लिटर दुधाला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकते. दूध उकळल्याने त्यात औषध उरण्याची ही भीती टळत नाही.

दुकानदार अशा वेळी महागडे इंजेक्शन पुढे करतो. ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. उदाहरणार्थ, जेंटामायसिन हे जिवाणूनाशक टोचले तरी ते रक्तातून दुधात फारच कमी उतरते. पैसे जातात आणि कास तशीच राहते.

ट्यूब सोडण्यापूर्वी सड कोमट पाण्याने शेकावा, गाईला पान्हा सोडू द्यावा आणि गाठी येणे थांबेपर्यंत पिळावे. दिवसा दर दोन-तीन तासांनी पुन्हा पिळावे. पान्हा येतच नसेल, तर ऑक्सिटोसिनचा (पान्हा आणणाऱ्या इंजेक्शनचा) निर्णय केवळ डॉक्टरांचा. कास रिकामी झाल्यावर सडाचे टोक 70 टक्के अल्कोहोलच्या बोळ्याने पुसून ट्यूब सोडावी. दोन ट्यूबनंतर दूध स्वच्छ दिसले, तरी डॉक्टरांनी सांगितलेला क्रम पुरा करावा.

नेहमीची कामे:
- पहिल्या धारा काळ्या वाटीत पाहणे
- आजारी जनावराची धार शेवटी काढणे
- धारेनंतर सड 0.5 टक्के आयोडीनच्या द्रावणात बुडवणे
- सडाचे छिद्र मिटेपर्यंत, अर्धा तास तरी, चारा टाकून गाय उभी ठेवणे
- गाठींचे दूध जमिनीवर न ओतणे

माझा अनुभव असा की सलग तीन-चार दिवस झड लागली, की गाठी दिसण्याआधीच तो सड हाताच्या पाठीला इतरांपेक्षा गरम लागतो. त्याच दिवशी कास पूर्ण रिकामी करण्यास सुरुवात करावी आणि डॉक्टरांना बोलवावे.

वेष्टनावर दूध न वापरण्याचे जितके तास लिहिलेले असतात, ते शेवटच्या ट्यूबपासून मोजावेत आणि तोवर चारही सडांचे दूध संस्थेच्या कॅनपासून, चवथीच्या गोडधोडापासून आणि वासरापासूनही दूर ठेवावे. विरजण लावलेले दूध दुसऱ्या दिवशी पातळच राहिले, तर औषध अजून उतरलेले नसावे अशी शंका धरावी. मात्र दही नीट लागले, म्हणून मुदतीआधी दूध कॅनमध्ये ओतू नये.