सोलरवाल्याला बोलावण्याआधी सोसायटीने करायची तयारी

आधी कॉमन मीटरची गेल्या वर्षभराची बिलं एका फायलीत लावा. लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यातले दिवे महिन्याला किती युनिट खातात ते पाहिलं की किती किलोवॅटचं सोलर हवं याचा अंदाज येतो. घेतलेली आणि सोलरमधून परत दिलेली वीज दोन्ही मोजणाऱ्या नेट मीटरचा अर्जही बिल देणाऱ्या कंपनीकडेच जातो, मग ती बेस्ट असो, अदानी, टाटा पॉवर किंवा मुलुंड-भांडुपकडे महावितरण.

मग गच्ची. किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट उन्हाची जागा धरा. शेजारी टॉवर असेल तर त्याची सावली कुठवर येते याचे सकाळ-दुपारचे फोटो काढून ठेवा. वॉटरप्रूफिंग आधीच उरका. रिडेव्हलपमेंटची बोलणी चालू असतील तर सरळ थांबा. पॅनेल पंचवीस वर्षं चालणारी वस्तू आहे.

अनुदानाचा हिशेब नीट मांडा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेतले ७८,००० रुपये जाहिरातीत झळकतात, पण ते स्वतंत्र घरगुती ग्राहकाला, तेही ३ किलोवॅट किंवा जास्त बसवल्यावर. सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात, म्हणजे २० किलोवॅटला ३,६०,०००. पॅनेल आणि त्यातले सेल दोन्ही भारतीय बनावटीचे लागतात, म्हणून कोटेशनवर 'डीसीआर' (देशी बनावटीची अट) लिहून घ्याच. विक्रेता योजनेत नोंदलेला आहे ना, तेही तपासा.

बॅटरीचा खर्च वेगळा धरा, हे अनुदान तिला नाही. केंद्राने २०२३ मध्ये बॅटरीत वीज साठवण्यासाठी मंजूर केलेली मदत मोठ्या प्रकल्पांसाठी आहे. तरीही बॅटरीचा विचार सोडू नका. वीज गेली की साधं सोलर भर उन्हातही बंद पडतं, कारण तारांवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून पॅनेलची वीज वापरण्याजोगी करणारा इन्व्हर्टर स्वतःच थांबतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई अंधारली तेव्हा वरच्या मजल्यांवरच्या म्हाताऱ्या माणसांचं काय झालं असेल ते आठवा. एक लिफ्ट आणि जिन्यातले दिवे एवढ्याचाच भार काढा, आणि तेवढ्यापुरती बॅटरी व हायब्रिड (सोलर आणि बॅटरी दोन्ही सांभाळणारा) इन्व्हर्टर यांचं कोटेशन वेगळं मागवा.

शेवटी सर्वसाधारण सभेचा ठराव, सह्या कोण करणार त्याची नावं आणि सोसायटीच्या बँक खात्याचा तपशील. अनुदान येतं ते मीटर बसून तपासणी झाल्यावर. तोवरची पूर्ण रक्कम कुठून उभी करायची, हे त्याच ठरावात लिहा.