मराठी-कन्नड ऑफिसातली फुटलेली अक्षरं कशी दुरुस्त करावी

खानापूर, निपाणी, बेळगावकडच्या पतसंस्थेत, शाळेत नाहीतर डीटीपीच्या दुकानात संगणक सांभाळणाऱ्याला एक तक्रार हमखास ऐकावी लागते: "काल बरोबर होतं, आज अक्षरं फुटलीत." खातेदारांची यादी मराठीत, सरकारी पत्र कन्नडमध्ये, सॉफ्टवेअर इंग्रजीत आणि फाइल चार संगणकांवरून फिरून आलेली. अशा वेळी विंडोज नव्याने टाकायच्या फंदात पडू नका. त्याने अक्षरं सुधरत नाहीत, उलट जुना फॉन्ट त्या एकाच संगणकावर असला तर तोही हातचा जातो.

आधी फाइल सेव्ह न करता बंद करा, तिची कॉपी काढा आणि कॉपी उघडून स्क्रीनवर नेमकं काय दिसतंय ते बघा.

रिकामे चौकोन दिसत असतील तर मजकूर शाबूत आहे, फक्त फॉन्ट नाही. मजकूर निवडून त्याला 'निर्मला यूआय' द्या. विंडोज ८ पासून हा फॉन्ट सोबतच येतो आणि त्यात देवनागरी आणि कन्नड दोन्ही आहेत. फाइल 'मंगल' किंवा 'तुंगा'मध्येच हवी असेल तर विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, ॲप्स, ऑप्शनल फीचर्स इथून देवनागरी आणि कन्नडचे सप्लिमेंटल फॉन्ट उतरवा.

नुसती प्रश्नचिन्हं दिसत असतील तर फॉन्ट बदलून काही होणार नाही. एक्सेलची यादी साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेल्या साध्या मजकुराच्या फाइलीत) सेव्ह केली की असं होतं: प्रत्येक अक्षराच्या जागी खरोखरच प्रश्नचिन्ह लिहिलं जातं आणि नाव पुसलं जातं. मूळ एक्सेल फाइल, ई-मेलला जोडलेली प्रत किंवा बॅकअप शोधा. पुढच्या वेळी सेव्ह करताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हाच प्रकार निवडा; यूटीएफ-८ म्हणजे सगळ्या लिपींची अक्षरं साठवायची पद्धत.

तिसरा प्रकार भयंकर दिसतो, पण सगळ्यात सोपा आहे. डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए दर दोन-तीन चिन्हांनी पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे यूटीएफ-८ मजकूर चुकीच्या पद्धतीने वाचला गेलाय. त्या ए-च्या लगेच पुढचं चिन्ह बघा. चार कोपऱ्यांना काड्या असलेलं गोल चिन्ह किंवा जपानी येनचं चिन्ह असेल तर मूळ मजकूर देवनागरी. वर चढवलेला बारीक २ किंवा ३ असेल तर कन्नड. दोन्ही लिपींच्या याद्या एकत्र आल्या की ही खूण फार उपयोगी पडते.

दुरुस्तीसाठी फाइलवर डबल क्लिक करू नका. एक्सेलची कोरी वही उघडा, 'डेटा'मध्ये 'फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही' घ्या, 'फाइल ओरिजिन'मध्ये ६५००१ यूटीएफ-८ निवडा. तिथेच 'डू नॉट डिटेक्ट डेटा टाइप्स'ही निवडायला विसरू नका. नाहीतर खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्यं गळतात आणि १५ आकड्यांपेक्षा लांब क्रमांकाचे शेवटचे आकडे शून्य होतात. अक्षरं दुरुस्त करताना क्रमांक बिघडले तर ते लवकर कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून यावर बारीक नजर हवी.

आता जुन्या फॉन्टच्या फाइली. श्रीलिपी, कृतिदेव, कन्नडचा जुना नुडी यांत टाइप केलेला मजकूर आतून इंग्रजी चिन्हांचाच असतो, फॉन्ट त्यावर मराठी किंवा कन्नड रूप चढवतो. एका ओळीला 'निर्मला यूआय' देऊन बघा. ओळ इंग्रजी चिन्हांची झाली तर मजकूर जुन्या फॉन्टचा. कंट्रोल-झेड दाबून मागे या आणि वर्डच्या फॉन्टच्या चौकटीतलं नाव टिपून घ्या. फॉन्ट संगणकावर नसला तरी नाव तिथे दिसतं.

असा मजकूर आजच्या फॉन्टमध्ये चालण्यासाठी कन्व्हर्टरने, म्हणजे जुनी चिन्हं खऱ्या मराठी-कन्नड अक्षरांत बदलणाऱ्या सॉफ्टवेअरने, बदलावा लागतो. कन्व्हर्टर त्याच फॉन्टसाठी बनवलेला हवा, कारण प्रत्येक फॉन्टची चिन्हांची मांडणी वेगळी. मराठी आणि कन्नड एकाच पानावर असतील तर तुकडे वेगळे काढून दोन वेगळ्या कन्व्हर्टरमधून न्या. पूर्ण फाइल देण्याआधी 'कुऱ्हाड, कर्जदार, विद्यार्थी, श्रद्धा, ज्ञानेश्वर, स्थिती' एवढे शब्द जुन्या फॉन्टमध्ये टाइप करून बदलून बघा. रफार, ऱ्ह आणि पहिली वेलांटी इथेच घोटाळा उघडा पडतो. मूळ फाइल कधीच पुसू नका.

बदललेल्या यादीत नाव डोळ्यांना दिसतं, पण शोधल्यावर सापडत नाही, असंही होतं. 'ॲ' हे एकच अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि 'अ'वर चंद्र देऊनही. दिसायला दोन्ही सारखी, पण बऱ्याच सॉफ्टवेअरच्या लेखी वेगळी. 'फाइंड अँड रिप्लेस'ने सगळीकडे एकच रूप करा. इनस्क्रिप्ट या कीबोर्ड मांडणीवर 'ऱ्य' काढायला शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ. ही तीन बटणं टाइप करणाऱ्याच्या टेबलावर चिकटवून ठेवा.

पासवर्ड बरोबर असूनही लागत नसेल तर आधी विंडोज-स्पेस दाबून कीबोर्ड इंग्रजीवर आणा, मग कॅप्स लॉक बघा.

दुसऱ्या ऑफिसला किंवा छापखान्यात फाइल देताना पीडीएफ द्या. ॲक्रोबॅट रीडरमध्ये 'प्रॉपर्टीज'च्या 'फॉन्ट्स'मध्ये प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' (फॉन्ट फाइलीतच सामावलेला) आलंय ना, ते तपासा. तरीही प्रिंटरवर जोडाक्षरं तुटली तर ॲक्रोबॅट रीडरच्या प्रिंट खिडकीत 'ॲडव्हान्स्ड'मध्ये 'प्रिंट ॲज इमेज'वर खूण करा. छपाईला वेळ लागेल, पण स्क्रीनवर दिसतं तसंच कागदावर येईल.