बाळाच्या पहिल्या वर्षात या चुका टाळा: आधी माप तपासा

माझी धाकटी आठ महिन्यांची असताना एका रात्री तिचा ताप काही केल्या उतरेना. संध्याकाळी सातला औषध दिलं, पुन्हा रात्री एकला दिलं, दोन्ही वेळा थर्मामीटर १०२ च्या खाली यायला तयार नाही. सकाळी डॉक्टरांनी बाटलीच मागितली, लेबल वाचलं आणि विचारलं, "किती देताय?" म्हटलं, "एक मिली. तुम्हीच सांगितलं होतं." त्यांनी सांगितलं होतं ते ड्रॉप्सचं. घरातले ड्रॉप्स संपले म्हणून नवऱ्याने येता येता करी रोड स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून "लहान मुलांचं पॅरासिटामॉल" मागितलं, आणि दुकानदाराने सिरप दिलं. नाव तेच, खोकं जवळपास तेच. ड्रॉप्सच्या एका मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं. आमच्या सिरपच्या पाच मिलीत १२०. म्हणजे सात किलोच्या मुलीला आम्ही एका वेळी २४ मिलिग्रॅम देत होतो, लागणाऱ्या डोसाचा जेमतेम चौथा हिस्सा.

हे उलटं झालं असतं तर? सिरपचं पाच मिलीचं टोपण ड्रॉप्सने भरून दिलं असतं, तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम. तसं दिवसभर चालू राहिलं तर प्रश्न तापाचा राहत नाही, यकृताचा होतो.

तेव्हापासून आमच्या मजल्यावर कुणी "याला औषध लागू पडत नाही" किंवा "हिला दूध पुरत नाही" म्हटलं की मी पहिल्यांदा माप विचारते. खूपदा औषध बरोबर असतं, जेवणही बरोबर असतं, चुकलेला असतो तो अंदाज. आपला सगळा स्वयंपाक अंदाजाने चालतो आणि छान चालतो. आमटीत मीठ किती, तर "चवीपुरतं". सात किलोच्या जिवाला मात्र चवीपुरतं औषध देता येत नाही.

ताप उतरत नाही

बाटली हातात घ्या आणि बारीक अक्षरातली एकच ओळ शोधा: किती मिलीत किती मिलिग्रॅम. ड्रॉप्स वेगळे, आणि सिरपमध्येही दोन ताकदी मिळतात: पाच मिलीत १२० किंवा १२५, आणि पाच मिलीत २५०. डोस ठरतो तो वजनावर, वयावर नाही. किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम. चौथ्या महिन्यातली चिठ्ठी दहाव्या महिन्यात वापरली तर बाळ वाढलेलं असतं आणि डोस तिथेच राहिलेला असतो. दर वेळी वजन केलं की डॉक्टरांकडून नवा आकडा लिहून घ्यायचा, तोही मिलीत आणि कुठल्या बाटलीचा ते नमूद करून. स्वयंपाकघरातला चमचा नको. आमच्याकडच्या चहाच्या दोन चमच्यांत मी पाणी मोजून पाहिलं. एकात साडेतीन मिली मावलं, दुसऱ्यात सहा. खोक्यात येते ती पिचकारी किंवा टोपण, तेवढंच वापरायचं.

दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. एकत्र घरात इथेही घोटाळा होतो. आईने रात्री अकराला दिलेलं असतं, आजी पहाटे दोनला अंग तापलेलं बघून पुन्हा देते. आम्ही आता वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो. एकादशीच्या चौकटीत "११.१०, १ मिली" असं लिहिलेलं बघून आलेल्या भटजींना बरंच कुतूहल वाटलं होतं.

ताप उतरवायला गोधडीत गुंडाळू नका आणि बर्फाचं पाणीही लावू नका. पावसाळ्यात मुंबईत ताप म्हटलं की डेंग्यू-मलेरियाची शंका घ्यावीच लागते, त्यामुळे पॅरासिटामॉलने भागत नाही म्हणून स्वतःच्या मनाने आयब्युप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिडचं जोड-औषध सुरू करायचं नाही. डेंग्यूत या गोळ्या-सिरपांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर माप, पिचकारी वगैरे सगळं बाजूला ठेवा. १००.४ ताप म्हणजे त्याच रात्री डॉक्टर.

जुलाब थांबत नाहीत

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. हे पाकिटावर छापलेलं असतं आणि तरी घरोघर ते पेल्यात थोडं थोडं टाकलं जातं, कारण एवढंसं बाळ लिटरभर थोडंच पिणार! पावडर जास्त पडली की मिठाचं प्रमाण वाढतं आणि ते उलट घातक ठरतं. कमी पडली की नुसतंच गोडसर पाणी. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि पाण्याला सोबत ओढतात. ही जोडी ठरलेल्या प्रमाणात असेल तरच पाणी अंगात राहतं. सगळी करामत प्रमाणाची आहे. म्हणून अख्खं पाकीट, एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. मोजायला घरात काही नसेल तर लिटरची सीलबंद पाण्याची बाटली विकत आणा, मुंबईत ती पानवाल्याकडेही मिळते. २४ तासांनी उरलेलं ओता, वाया गेलं म्हणून हळहळायचं नाही. लिटर जड वाटत असेल तर २०० मिलीची छोटी पाकिटं येतात, ती मागा.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाला दर पातळ शीनंतर ५० ते १०० मिली, म्हणजे पाव ते अर्धा कप, आणि तेही चमच्या-चमच्याने. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. "पोटात काही ठरतच नाही" म्हणणाऱ्या बहुतेक घरांत बाळाच्या तोंडाला एकदम पेला लावलेला असतो. अंगावरचं दूध थांबवायचं नाही.

दुकानातल्या तयार टेट्रापॅकबद्दल सावध राहा. नावात ओआरएस आणि आत साखरेचं सरबत, असा प्रकार वर्षानुवर्षं चालला. अखेर ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, पेयांच्या नावात हा शब्द वापरायला मनाई केली. जुना माल आणि जुनी सवय दोन्ही टिकाऊ असतात, तेव्हा पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का ते बघा.

झिंकचं काय होतं, तर तिसऱ्या दिवशी शी घट्ट होते आणि बाटली फ्रिजच्या दारात जाऊन बसते. झिंक १४ दिवस द्यायचं असतं, सहा महिन्यांपुढे रोज २० मिलिग्रॅम, त्याआधी १०. जुलाब थांबवणं हे त्याचं अर्धंच काम. पुढचे काही महिने पुन्हा जुलाब होण्याचा संभव त्याने कमी होतो.

दूध पुरत नाही

हे वाक्य बाळंतिणीच्या खोलीत सर्वांत जास्त वेळा, आणि बहुतेकदा आईसोडून बाकीच्यांकडून उच्चारलं जातं. पहिल्या दिवशी बाळाला एका वेळी लागतं तेच पाच-सात मिली, चमचाभर. पिवळसर घट्ट चीक तेवढाच येतो आणि तेवढा पुरतो. तो "जुना" म्हणून पिळून टाकायचा आणि वर साखरपाणी किंवा मध चाटवायचा, ही दुहेरी चूक. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो आणि मध उकळून ते बीजाणू मरत नाहीत. थेंब-थेंब दुधाची किंमत कुणाला कळून घ्यायची असेल तर सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जावं. डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये तिथे सुरू केलेली मातृदुग्ध पेढी आशियातली पहिली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी तिथे दूध मिलीमिलीने मोजलं जातं.

दूध पुरतंय की नाही हे रडण्यावरून ठरवायचं नाही, छाती "हलकी" लागते यावरूनही नाही. पहिल्या आठवड्यानंतर २४ तासांत सहा किंवा जास्त वेळा भरपूर, फिकट लघवी होते का, आणि वजन चढतंय का, एवढं बघायचं. डायपर सतत घातलेला असेल तर पहिलं मोजता येत नाही, म्हणून एक दिवस लंगोट बांधा. वजन पहिल्या काही दिवसांत दहा टक्क्यांपर्यंत उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं, पाचव्या महिन्याच्या सुमारास जन्माच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होतं. पण एकदा दवाखान्यात, एकदा मामाच्या घरच्या काट्यावर, एकदा डायपरसकट असं केलेलं वजन म्हणजे निव्वळ करमणूक. काटा तोच, कपडे काढून, महिन्यातून एकदा. अंगणवाडीतल्या ताई करतात आणि कार्डावर टिंब देतात. त्या टिंबांची रेघ वर जातेय ना, मग शेजारच्या गुटगुटीत बाळाकडे बघायचं कारण नाही.

पावडरचं दूध डॉक्टरांनी सांगितलंच असेल तर डब्यातला चमचा सपाट भरा, शीग नको. बहुतेक डब्यांत एका चमच्याला ३० मिली पाणी असतं, पण आपला डबा वाचा. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. डबा महिनाअखेरपर्यंत पुरावा म्हणून पाणी वाढवलं की पोट भरतं आणि वजन अडतं.

नोकरी करणाऱ्यांसाठी दोन ओळी. काढून ठेवलेलं दूध २५ अंशांपर्यंत चार तास टिकतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मे महिन्यात आपल्या खोलीत २५ अंश कुठे असतात? तेव्हा लगेच फ्रिजमध्ये, आणि तेही आतल्या फळीवर, दारात नाही. ऑफिसातून आणताना बर्फाच्या पाकिटांची पिशवी हवी. दादरला गाडी बदलताना लागणारा वेळ हिशोबात धरा.

खातो भरपूर, पण अंगाला लागत नाही

सहा महिन्यांनंतरची ही तक्रार ऐकली की मी वाटी बघायला मागते. वाटीत हमखास भाताची पेज किंवा डाळीच्या वरचं पाणी. बाळाचं पोट छोटं, ते पाण्यानेच भरतं. मऊ भात आणि शिजलेली डाळ एकत्र कुस्करून वर चमचाभर तूप, असं घट्ट हवं की चमचा तिरका केला तरी पटकन ओघळू नये. नाचणीची खीरही तशीच. सहा ते आठ महिन्यांत दोन-तीन चमच्यांपासून अर्ध्या वाटीपर्यंत, दिवसातून दोन-तीनदा. नवव्या महिन्यापासून तीन-चारदा. अंड्याचा बलक, मऊ मासा चालत असेल तर उत्तम, कारण सहा महिन्यांनंतर लोह कमी पडायला लागतं. वर्षाच्या आत मीठ-साखर लागत नाही. अळणी लागतं ते आपल्याला, त्याला नाही. बिस्किट चहात बुडवून देणाऱ्या आजोबांना आवरणं मला आजवर जमलेलं नाही.

गुटी

सासूबाईंची सहाण अजून घरात आहे. हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, प्रत्येकाचे वेढे त्या मोजून द्यायच्या, कुठल्याचा एक, कुठल्याचा दोन. मापाची शिस्त त्यांच्याकडे माझ्यापेक्षा जास्त होती. तरीही सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, हा नियम आम्ही पाळला. सहाण दमट हवेत कधी पूर्ण कोरडी होत नाही, आणि जायफळाचा एक वेढा वाढला की बाळ "शांत झोपतं" ती झोप नसते, गुंगी असते. "अगं, मग आमची पोरं जगली कशी?" असं त्यांनी विचारलं होतं. मी उत्तर दिलं नाही. सहाण धुऊन देव्हाऱ्याखाली ठेवली. आता ती चंदनाला लागते.

लस राहिली

गणपतीला कोकणात गेलो आणि तारीख चुकली, हे मुंबईतलं नेहमीचं. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही, जिथे थांबलं तिथून पुढे. साधी सर्दी असली तरी लस घेता येते. कार्ड घेऊन महापालिकेच्या जवळच्या आरोग्य केंद्रात जा, मोफत मिळते. नऊ महिन्यांचा गोवर-रुबेलाचा डोस मात्र लांबवू नका. २०२२ च्या अखेरीस गोवंडीत गोवर पसरला तेव्हा डोस राहिलेली मुलं सर्वांत आधी सापडली.

छाती भरली, पण जायचं कधी?

बाळ शांत किंवा झोपलेलं असताना झबलं वर करा आणि पोटाची हालचाल मोजा, घड्याळ लावून पूर्ण ६० सेकंद. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण तान्ह्या बाळाचा श्वास मधेच थांबतो, मधेच धावतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन ते बारा महिन्यांत ५० किंवा जास्त असेल तर निघा. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, दूध ओढत नसेल, सहा-आठ तासांत लघवी नसेल, तर मोजत बसू नका. परळ-लालबागकडे रिक्षा नाहीत आणि पावसात टॅक्सी थांबत नाही. १०८ लावा आणि मोजलेला आकडा, शेवटच्या औषधाची वेळ आणि बाटली सोबत घ्या.